सुपरवायझर रोज 'ए भिल्ला' म्हणून हाक मारतो, काय करू?

भाऊ, तुझं दोनदा वाचलं. अक्कलकुव्याहून जळगाव एमआयडीसीत आला, आठ महिने झाले तरी ठेकेदाराचा सुपरवायझर नावाने हाक मारत नाही, कॅन्टीनमध्ये तू बसला की बाकीचे ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि वर तूच विचारतो की मी जास्त मनाला लावून घेतो का. नाही रे. हे आधी डोक्यातून काढ.

2004 ला मी धुळ्यात एका कारखान्यात लागलो होतो. पाण्याच्या ड्रमवर चार स्टीलचे ग्लास. तिथला पोरगा मला दरवेळी स्वतः भरून द्यायचा, मला वाटायचं नवीन माणूस म्हणून मान देतोय. एक दिवस ग्लास मीच धुवायला घेतला तर बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका, बाकीचे तीन उलटे करून पाहिले तर कोरे. कोणी कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं बघ. मीही गप्प बसलो, दोन महिन्यांनी काम सोडलं आणि घरी सांगितलं पगार कमी होता. ते खोटं बोललो याचं आजही वाईट वाटतं.

आपल्या चाळीसगावचंच घे. 1929 ला बाबासाहेब सरकारी कमिटीच्या कामाने धुळ्याकडे आले होते, परत जाताना चाळीसगावला उतरले, तर टांगेवाले त्यांना घेऊन जायला तयार नाहीत. टांगा भाड्याने द्यायला तयार, हाकायला नाही! शेवटी वस्तीतल्याच एकाने हाकला, त्याला सवय नव्हती, पुलाजवळ बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पाय मोडला. भाडं चालतं, माणूस चालत नाही. तुझा ओव्हरटाइम चालतो, तुझ्याशेजारचं ताट चालत नाही, तेच आहे हे.

आता कामाचं. जातीवरून हाक मारून अपमान करणं हा 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, कलम 3, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. पण बोलणारा स्वतः एससी-एसटी नको, आणि लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी बोललेला पाहिजे. चार भिंतीत बाहेरचं कोणी नसताना बोललेलं त्यात बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय. म्हणून शॉपफ्लोअरवर, गेटवर बोलला तेव्हा आजूबाजूला कोण होतं हे सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्या दोस्तांपेक्षा ट्रकचा ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन असा तिसरा माणूस साक्षीला जास्त चांगला. त्याच रात्री वहीत लिही, तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण होतं. आठ दिवसांनी आठवून लिहिलेलं आपल्यालाच गोंधळात पाडतं.

ताट उचलून जाणाऱ्यांवर केस करणं अवघड आहे, खरं सांगतो, पण तेही अर्जात लिही. अर्ज एकट्या ठेकेदाराला देऊ नको, कंपनीच्या एचआरलाही दे, नाहीतर ठेकेदार फाडून टाकेल. रागात राजीनामा अजिबात लिहू नको, तू गेला की प्रकरण त्यांच्यासाठी मिटलं.

पोलिसात जायचं ठरलं तर तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी करतो, आणि एफआयआरआधी चौकशी करू असं सांगून परत पाठवता येत नाही. एससी-एसटींवरच्या अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 ही हेल्पलाइन आहे. जळगाव कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, एसटी असल्यामुळे वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो. जातीचा दाखला गावी असेल तर आधी मागवून घे.

सोमवारी अर्ज देशील तेव्हा दोन प्रती ने, एकीवर सही-शिक्का घे. सही देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने टाक आणि पावती वहीत चिकटव.