घरच्या स्विमिंग पूलसाठी कोणतं क्लोरीन घ्यावं: टीसीसीए, ब्लीचिंग की लिक्विड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळशीत घर, मागे २० बाय १० फुटांचा, सरासरी ४ फूट खोल पूल, पाणी बोअरचं. पुण्यातला दुकानदार टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) च्या गोळ्या देतोय, गावातले लोक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका म्हणतायत, पूल बांधणारा कॅनमधलं लिक्विड, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुचवतोय. यातलं सगळ्यात स्ट्राँग कोणतं, दोन मिसळले तर जास्त काम होईल का, आणि सॉल्टवाला पूल केला तर क्लोरीनपासून सुटका होते का.

मिसळण्याचं आधी सांगतो, कारण ते जिवावर बेतू शकतं. नाही. अजिबात मिसळायचं नाही. पूलमध्येही एकापाठोपाठ एक ओतायचं नाही, आणि कोरडं तर एकमेकांना शिवूही द्यायचं नाही.

पालीजवळ आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथला पूल मी स्वतःच सांभाळतो, म्हणजे चुकाही सगळ्या माझ्याच. तिसऱ्या वर्षी आमच्याकडच्या दादांनी टीसीसीएची भुकटी काढलेल्या प्लास्टिकच्या मगानेच ब्लीचिंग पावडर काढली. तो मग न पुसलेला, जरासा ओला. आधी फस्सकन आवाज आला, पाठोपाठ पिवळट धूर, आणि तो मग इतका तापला की त्यांनी तो फेकूनच दिला. उघड्यावर होते म्हणून दिवसभराच्या खोकल्यावर निभावलं. हेच पंपरूममध्ये दार लावून झालं असतं तर काय, हा विचार मी अजून टाळतो.

दादांचं म्हणणं साधं होतं, ‘दोन्ही क्लोरीनच की.’ नावाला दोन्ही क्लोरीन, पण जात वेगळी. टीसीसीए पाण्यात गेल्यावर आम्लधर्मी. ब्लीचिंग पावडर, कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि लिक्विड हायपो हे तिघे कडक अल्कली. टीसीसीए आणि ब्लीचिंगच्या जातीची पावडर ओलाव्यात भेटली की उष्णता सुटते, क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं, जे स्फोटक आहे. म्हणून आमच्याकडे आता प्रत्येक डब्याचा मग वेगळा, त्यावर मार्करने नाव. पूलमध्ये तरंगणाऱ्या ज्या डबीत टीसीसीएची गोळी ठेवता, त्यात दुसरं काहीही घालायचं नाही. जुनी डबी धुतलेली असली तरी नाही.

लिक्विड हायपोचं वैर ॲसिडशी. पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) खाली आणायला पूलवाले मुरिॲटिक ॲसिड देतात आणि त्याचा कॅन हुबेहूब हायपोच्या कॅनसारखा दिसतो. दोन्ही एकत्र आले की थेट क्लोरीन वायू. संडास साफ करायच्या बाटलीतही बहुतेक वेळा हेच ॲसिड असतं. म्हणून ॲसिड आमच्याकडे गोठ्याच्या बाजूच्या पडवीत आणि क्लोरीन दुसऱ्या टोकाला, हवेशीर, सावलीत. लिक्विडचा कॅन पावडरीच्या वर कधी ठेवू नका, गळला तर खालीच येणार. डिझेल, खत, रंग, तेलाची फडकी यांच्या शेजारी तर नकोच.

आणि पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. नुसत्या ओलाव्याने काय होतं याचा एक दाखला देतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉनियर्स इथे पूल केमिकलच्या गोदामात आग विझवायच्या स्प्रिंकलरचं पाणी टीसीसीएच्या साठ्यावर पडलं. सुमारे १७ हजार लोकांना घरं सोडावी लागली. आपल्याकडे साठा ५ किलोचा असतो एवढाच फरक, आणि आपल्या पावसाळ्यात पंपरूमच्या भिंतीही पाझरतात.

आता ‘स्ट्राँग’ कोणतं. कामी येणाऱ्या क्लोरीनची टक्केवारीच पाहायची तर टीसीसीएत ९० टक्के, कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये ६५ ते ७०, एसडीआयसीत (टीसीसीएच्याच जातीची पावडर) ५६ ते ६०, ब्लीचिंग म्हणजे टीसीएलमध्ये ताजं असेल तर ३० ते ३४, आणि लिक्विड हायपोत १० ते १२. पण ही टक्केवारी फक्त किती टाकायचं एवढंच सांगते. तुमच्या पूलच्या पाण्याचा हिशेब काढू: २० गुणिले १० गुणिले ४ म्हणजे ८०० घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे साधारण साडेबावीस हजार लिटर. हजार लिटरला १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. तेव्हा तुम्हाला १ पीपीएम वाढवायला २२.५ ग्रॅम लागणार. ते टीसीसीएचे २५ ग्रॅम घाला, एसडीआयसीचे ४०, कॅल्शियम हायपोचे ३५, ब्लीचिंगचे ७० किंवा लिक्विडचे सव्वादोनशे मिली. पाण्यात जाऊन जंतू मारणारी चीज सगळ्यांची एकच.

फरक आहे तो मागे काय उरतं यात, आणि दुकानदार नेमकं तेच सांगत नाही.

टीसीसीए आणि एसडीआयसी मागे सायन्युरिक ॲसिड ठेवतात, पूलवाल्यांच्या भाषेत स्टॅबिलायझर. थोडं असलं तर वरदान, कारण त्याशिवाय आपल्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. ३० ते ५० पीपीएम हवंच. पण ते उडत नाही, संपत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. २०० ग्रॅमची एक गोळी तुमच्या पूलमध्ये ८ पीपीएम क्लोरीन देते आणि ५ पीपीएम सायन्युरिक ठेवून जाते. क्लोरीन चार दिवसांत खर्ची पडतं, ते ५ मात्र जमा. आठवड्याला दीड-पावणेदोन गोळ्या धरल्या तर दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत हिशेब १५० च्या पुढे जातो.

माझा तसाच गेला होता. फेब्रुवारीत टेस्टला क्लोरीन ३ दाखवतंय आणि भिंतींवर हिरवं शेवाळ. मी येड्यासारखा आणखी गोळ्या टाकत होतो. सायन्युरिक जितकं जास्त, तितकं क्लोरीन त्याला बांधलेलं राहतं आणि कामाला कमी मिळतं. ढोबळ मानाने सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी क्लोरीन लागतं. म्हणजे ४० ला ३ पुरतं, १५० ला ११ हवं, आणि तेवढ्यात पोराबाळांना कोण उतरवणार? शेवटी अर्ध्याहून जास्त पाणी सोडून दिलं आणि ऐन टंचाईच्या तोंडावर टँकर मागवले. गावात त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

पावसाळा यात आपला मित्र आहे, तुमच्या मुळशीत तर जास्तच. उघडा पूल भरून वाहतो आणि सायन्युरिक आपसूक खाली येतं. म्हणून सीझनच्या सुरुवातीला पुन्हा मोजायचं, मागच्या वर्षीचा आकडा धरून चालायचं नाही.

कॅल्शियम हायपो आणि ब्लीचिंग मागे कॅल्शियम ठेवतात. तुमचं पाणी बोअरचं. ते आधीच जड असेल, म्हणजे डाळ शिजत नाही, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो, असं असेल तर हे दोन्ही विसरा. टाइल्सवर आणि पाइपात खार बसतो. टीसीएलबद्दल गावकरी सांगतात ते विहिरीसाठी बरोबर आहे, पण पूलमध्ये तिच्यातला चुना तळाशी बसून पाणी दुधाळ करतो. अगदी अडलं तर बादलीभर पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि सकाळी फक्त वरची निवळ ओता, ग्रामपंचायतीचा पाणीवाला करतो तसं.

लिक्विड मागे फक्त थोडं मीठ ठेवतं. म्हणून तुमच्यासाठी माझं मत लिक्विडच्या बाजूने आहे. त्याची खोड एकच, ते शिळं होतं. उन्हात ठेवलेला कॅन महिनाभरात बराच उतरतो. ५० लिटर स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच घ्या, आणि कारच्या बंद डिकीतून आणू नका.

मी तुमच्या जागी असतो तर सीझनच्या आरंभी एसडीआयसीने क्लोरीन आणि सायन्युरिक दोन्ही चढवलं असतं, ३०-४० झालं की थांबलो असतो. सायन्युरिक सोडण्यात एसडीआयसी टीसीसीएपेक्षाही पुढे आहे, म्हणून हे काम लवकर होतं. मग रोज लिक्विड. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून, वारा पाठीशी घेऊन, खोल बाजूला काठालगत हळूहळू ओतायचं. हातमोजे आणि चष्मा लावूनच, थेंब डोळ्यात गेला तर १५ मिनिटं पाण्याची धार आणि सरळ डॉक्टर. टीसीसीएच्या गोळ्या फक्त आठवडाभर गावाला जाताना, तरंगत्या डबीत. स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढणारं तोंड) टाकू नका, पंप बंद असताना ते आम्लाचं पाणी तिथेच साचून नळ्या खातं.

मोजायला गावात मिळणारी ओटी टेस्ट, पिवळा रंग येणारी, पूलला उपयोगाची नाही. ती एकूण क्लोरीन सांगते, आणि आपल्याला मोकळं, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन हवं असतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. एक खोच लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त झालं तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडतो आणि शून्य असल्यासारखं वाटतं. तेव्हा नमुना स्वच्छ पाण्याने पातळ करून पुन्हा बघा, बाटली उचलून ओतू नका. मुलं उतरताना मोकळं क्लोरीन २ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.६. पीएच ८ ला गेला तर तेच क्लोरीन जेमतेम पाव ताकदीने काम करतं. पूलला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालंय. बहुतेकदा उलट असतं. घाम आणि लघवीशी झुंजून थकलेल्या क्लोरीनचा तो वास, त्याला ताजं क्लोरीनच लागतं. आमच्याकडे उतरण्याआधी शॉवर सक्तीचा केल्यापासून हायपो चक्क कमी लागतं. पाहुणे नाराज होतात, होऊ द्या.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पहिल्यांदा क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं होईल. घाबरू नका, तुरटी फिरवून रात्रभर बसू द्या आणि तळाचा गाळ व्हॅक्यूमने बाहेर टाका. शेवाळासाठी मोरचूद टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. तांबं पाण्यात साचतं आणि मुलांच्या केसांना हिरवट झाक येते.

राहिला सॉल्टवाला पूल. त्यातही क्लोरीनच असतं, फक्त ते यंत्र मिठापासून जागच्या जागी तयार करतं. तुमच्या पूलला सुरुवातीला ७५-८० किलो मीठ लागेल, सायन्युरिक तरीही लागेलच, पीएच सारखा वर सरकत राहील आणि शिडीचं स्टील हलक्या प्रतीचं असेल तर गंजेल. पाणी अंगाला मऊ लागतं आणि कॅन वाहायचे वाचतात, हे खरं. पण पंप चालतो तेवढाच वेळ ते क्लोरीन बनवतं, आणि तुमच्याकडे पावसात वीज दोन-दोन दिवस जात असेल तर लिक्विडचा एक कॅन घरात ठेवावाच लागेल.