समुद्र दारात असूनही कंटाळा येतो. घरच्यांना घेऊन रोजच्यातलाच आनंद कसा शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीसाठी अलिबागला येऊन वर्ष झालं. पहिले दोन महिने रोज किनाऱ्यावर गेलात, आता तोच समुद्र, तीच भेळ, तेच फोटो. घरात सासूबाई आणि सात वर्षांची लेक, ओळखीची दोन कुटुंबं, सुट्टी फक्त रविवारची. लांब न जाता, फार खर्च न करता करण्यासारखं काय आहे?

माझ्या मते घोळ ठिकाणाचा नाही, वेळेचा आहे. समुद्र तिथीवर चालतो आणि तुम्ही रविवारी संध्याकाळी सहाला जाता. कधी भरती असते, कधी ओहोटी, कधी मधलंच काहीतरी, आणि जे पाहण्यासारखं असतं ते नेमकं पाण्याखाली असतं. तेव्हा आधी वेळ काढायला शिका.

भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्या साधारण सहा तास आधी, सकाळी आठ-सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे जाते. हा आडाखा मुंबई-अलिबागच्या पट्ट्यासाठी आहे. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी लवकर होते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच चाला आणि निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पडताळा.

तक्त्यात आणखी एक आकडा असतो, पाण्याच्या उंचीचा, मीटरमध्ये. खरा उपयोग त्याचा आहे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असेल तर खडक मोकळे होतात. दीड-दोनच्या घरात असेल तर खडकांवर जाण्यात अर्थ नाही, सरळ वाळूत फिरा.

या दोन्ही गोष्टी जुळवल्या की उत्तर सोपं होतं. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे तीन-चार दिवस, सकाळी साडेसहा ते नऊ. तेव्हा पाणी सर्वांत आत गेलेलं असतं, ऊन कोवळं असतं आणि किनाऱ्यावर गर्दी नसते. एक रविवार असा जुळला की त्यापुढचा एकाआड एक रविवारही जुळत जातो. दर खेपेला तिथी जेमतेम एकीने मागे सरकते. वर्षभराच्या रविवारांवर पेन्सिलीने खुणा करायला अर्धा तास पुरतो. सासूबाईंना सांगा. पंचांग त्यांच्या हातात तुमच्यापेक्षा लवकर बोलेल.

पहिल्या रविवारी कुठेही जाऊ नका, नुसत्या वाळूवर जा. ओहोटीच्या ओल्या वाळूत बारीक भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, ओळीने मांडलेल्या. लेकीला तिथे उकिडवं बसवा आणि दोन मिनिटं हलू नका म्हणावं. सावली हलली तरी आतला जीव बाहेर येत नाही. मग नखाएवढा खेकडा येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. ओळी भोकातून किरणांसारख्या निघतात आणि एक वाट मात्र मोकळी असते. ती घरी पळायची वाट. भरती येऊन सगळं पुसते, पुढच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्यापासून मांडतो. एकदा हे पाहिलं की पोर वाळूतून धावताना आपोआप बाजूने जाते.

दुसरी फेरी खडकांची. पायात रबरी तळव्याचे जुने बंद बूट हवेत. चप्पल शेवाळावर सरकते, आणि खडकाला चिकटलेली कालवं पात्यासारखी कापतात. सोबत आइस्क्रीमचा पांढरा रिकामा डबा घ्या. त्यात डबक्यातलं पाणी घेऊन एखादा जीव हलक्या हाताने ठेवला की पांढऱ्यावर तो नीट दिसतो. दोन मिनिटं पाहायचं आणि त्याच डबक्यात सोडायचं, शेजारच्या नव्हे. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. समुद्रफूल दिसेल: पाण्यात फुललेलं, पाण्याबाहेर मऊ गोळा होऊन बसलेलं. एखादा शंख अचानक चालू लागला तर आत खेकडा आहे, दुसऱ्याचं घर घेऊन फिरणारा. हा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, म्हणून चांगले रिकामे शंख पिशवीभर घरी आणू नका. फुटके आणा, लेकीला ते तितकेच आवडतात.

हात न लावण्याच्या गोष्टी दोन. आईस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता, नक्षीदार शंख जिवंत असेल तर तो डंख मारतो. आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली निळी, फुग्यासारखी पिशवी मेलेली असली तरी तिचे दोरे चटका देतात.

आता कुलाबा किल्ल्याबद्दल, कारण अलिबागेत पाहुणा आला की पहिला बेत तोच ठरतो आणि चुकतोही तिथेच. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. लोक ओहोटीच्या वेळेला निघतात, ही चूक. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा, ओहोटीच्या सुमारास किल्ल्यात असा आणि ती झाल्यावर तासाभरात परतीच्या वाटेवर लागा. कारण असं की ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं. बघणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन, म्हणजे निम्मं पाणी त्या दोन तासांत येतं. शिवाय ते समोरून येत नाही. किनारा आणि किल्ला यांच्यामधली सखल वाळू आधी भरते, तुम्ही किल्ल्याच्या पायाशी कोरडे उभे असता आणि मागची वाट गेलेली असते. भांगाच्या दिवसांत मधलं पाणी पुरतं हटत नाही, तेव्हा सासूबाईंना घेऊन घोडागाडीने जा किंवा बेतच पुढे ढकला. पावसाळ्यात नकोच.

किल्ल्यात गेलात की आधी तटाचे दगड पाहा. मोठमोठे चिरे आहेत आणि सांध्यांत चुना नाही, नुसते रचलेले. लाट आदळली की पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो. लेकीला फटीत बोट घालू द्या, तिला लगेच कळेल. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचा साठाही आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, तिथे फोटोसाठी रांग लागते. मी तटालाच जास्त वेळ देईन.

आक्षीचा शिलालेख तुमच्यापासून जवळ आहे, तिथे अर्धा तास पुरे. तो साधारणपणे शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. वर चंद्रसूर्य कोरले आहेत: ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं, असा अर्थ. त्याच फेरीत आक्षीच्या सुरूच्या बनात डबा उघडा. हिवाळ्यात तिथे पाणपक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. साधी दुर्बीण असेल तर न्या.

जून-जुलैत समुद्राचा नाद सोडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. तेव्हा बाजारात रानभाज्या विकायला बसलेल्या बायकांकडे जा आणि दर आठवड्याला एक अनोळखी भाजी घ्या, करायची कशी ते तिथेच विचारून. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं, म्हणजे त्याच दिवसांतली छोटी आंबट रानफळं, मागून घ्या. ती न घालता केलेली शेवळं घशाला खाजतात, आणि मग घरात कोणी रानभाजीचं नाव काढत नाही.

आता मैत्रीचं. ओळखीच्या दोन कुटुंबांना जेवायला बोलावलंत तर एक जण स्वयंपाकघरात आणि बाकीचे मोबाइलमध्ये, असं होतं. त्यापेक्षा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात पोपटी लावा, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून शेतात जाळावर भाजा. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो, त्याच्या शेंगा तेव्हा भरतात, आणि मडक्यात घालायचा भांबुर्डा हा उग्र वासाचा रानपालाही तेव्हाच शेताच्या बांधावर उगवतो.

आठ-दहा जणांसाठी: वालाच्या शेंगा ३ किलो, छोटे बटाटे १ किलो, रताळी आणि कांदे अर्धा-अर्धा किलो, अंडी १०, जाडं मीठ अर्धी वाटी, ओवा दोन मोठे चमचे, भांबुर्ड्याचा पाला दोन मोठ्या जुड्या. बारा-पंधरा लिटर पाणी मावेल असं मडकं. शेंग दाबून घ्या: दाणा भरलेला पण हिरवा हवा. साल पिवळी पडून सुकायला लागलेली शेंग कितीही भाजली तरी कचकच लागते. कोंबडी घालायची तर १ किलोचे लहान तुकडे, आलं-लसूण, हळद, मीठ, मसाला लावून रात्रभर ठेवा आणि केळीच्या पानात बांधा. मोठे तुकडे आतून कच्चे राहतात. सासूबाई खात नसतील तर मडकी दोन करा. एकाच मडक्यात वेगळे थर लावून भागत नाही, कारण मडकं उलटं ठेवतात आणि रस सगळीकडे फिरतो.

मडक्याला आधी तपासा, बोटाने वाजवल्यावर खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज म्हणजे तडा. तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा जाड थर द्या, मग शेंगा, त्यावर मीठ-ओवा, मग बटाटे-रताळी, मधोमध अंडी आणि कोंबडीची पुडकी, पुन्हा शेंगा. अंडी कडेला लागली तर फुटतात. पाणी थेंबभरही घालायचं नाही, शेंगांचं आणि पाल्याचं स्वतःचं पाणी वाफेला पुरतं. तोंड पाल्याने ठासून बंद करा, इतकं की मडकं उलटं धरून हलवलं तरी काही पडू नये. ढिलं राहिलं तर वाफ जाते आणि खालच्या शेंगा करपतात. भांबुर्डा मिळाला नाही तर केळीचं पान चालतं, पण तो उग्र, ओव्याच्या जवळचा वास येत नाही. दुसरा कुठला अनोळखी पाला मात्र घालू नका.

जागा रिकाम्या शेताची, मालकाला विचारून. वाऱ्याच्या तोंडावर नको, एकाच बाजूला जाळ झुकतो आणि मडकं तडकतं. मडकं उलटं ठेवून चारी बाजूंनी पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचा आणि पेटवा. नुसत्या शेंगांना तीस-चाळीस मिनिटं, कोंबडी असेल तर पन्नासच्या घरात. झालं का पाहायला मडक्यावर बोटाने पाणी शिंपडा: चर्र होऊन क्षणात वाळलं आणि हिरवट वास जाऊन भाजका वास आला की जाळ बाजूला ओढा. अख्खा तांब्या ओतलात तर मडकं तिथेच फुटेल.

ही चाळीस मिनिटं कोणाला करायला काहीच नसतं, जाळ सारखा करत बसण्यापलीकडे. वर्षभर नुसतं ‘काय, कसं काय’ एवढंच बोललेली माणसं तेव्हा बोलायला लागतात. मग शेंगा केळीच्या पानांवर ओतायच्या आणि सगळ्यांनी भोवती बसून सोलायच्या. हाताला राख आणि ओवा लागलेला असल्यामुळे फोन कोणी उचलत नाही.

जाताना निखाऱ्यांवर बादलीभर पाणी टाका, काठीने उलथून पुन्हा टाका, पेंढ्याची ठिणगी शेजारच्या शेतात पोचायला वेळ लागत नाही. सालपटं गोळा करून शेतमालकाला विचारा, गुरं असतील तर त्यांना घालता येतील. आणि भांबुर्डा कुठल्या बांधावर दाट होता ते लक्षात ठेवा, पुढच्या वर्षी शोधावा लागणार नाही.