गादी थोरल्याची, पण वाडा कोणाचा?

प्रश्न: माझे आजोबा एका लहान दक्षिणी संस्थानाचे शेवटचे अधिपती. ते १९६८ साली वारले, आजी त्यांच्या आधीच. वडील २०११ साली गेले. मृत्युपत्र दोघांचंही नाही. मागे आईसाहेब, दोन भाऊ आणि मी; शिवाय एक आत्यासाहेब हयात आहेत. थोरले बंधू वाडा हॉटेल कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत आहेत. 'गादीची रीतच अशी, सगळं थोरल्याचं' असं म्हणून माझ्याकडून हक्कसोडपत्र मागत आहेत. सही करू का?

उत्तर: ताईसाहेब, तूर्त सही करू नका.

बंधूंनी गादी आणि मिळकत एकाच गाठोड्यात बांधली आहे. गादीला कायद्यात आता अर्थ उरलेला नाही. २६व्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १९७१ मध्ये संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. दसऱ्याला सोनं लुटण्याचा मान दादासाहेबांनी खुशाल घ्यावा, पत्रिकेवर 'श्रीमंत' छापावं. त्यातून वाड्याची मालकी सिद्ध होत नाही.

त्यांचे वकील हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५(२) वर भर देतील. भारत सरकारशी झालेल्या करारानुसार जी इस्टेट एकाच वारसाकडे जाते, तिला हा कायदा लागू नाही, असं ते कलम सांगतं. म्हणून आजोबांचा १९४८ चा विलीनीकरण करार आधी मिळवा, आणि सोबत खासगी मिळकतींची मंजूर यादीही. अशा करारांत सहसा खासगी मिळकतीचं कलम वेगळं असतं आणि गादीच्या वारशाची हमी वेगळी. आपल्या करारातही तसंच असेल, तर ती हमी वाड्यापर्यंत पोचत नाही असं ठामपणे मांडता येईल. नुसत्या रिवाजाचा आधार घेतला, तर तो कलम ४ ने १९५६ सालीच बाजूला सारला आहे.

रामपूरच्या नवाबांच्या मिळकतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये हेच सांगितलं: गादीचा नियम खासगी मिळकतीला लागत नाही, ती वैयक्तिक कायद्याप्रमाणे सर्व वारसांत वाटली जाईल. तिथे मुस्लिम कायदा होता, त्यामुळे ५(२) चा मुद्दा आपल्याला स्वतंत्रपणे लढवावा लागेल.

मुलींच्या हक्काचं नाव निघालं की सगळे २००५ ची दुरुस्ती (वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी) पुढे करतात. इथे तिची गरज नाही. मिळकत आजोबांची वैयक्तिक धरली, तर मुलगा-मुलगी दोघांनाही वारस मानणारं मूळ कायद्याचं कलम ८ पुरेसं आहे. मात्र हा युक्तिवाद दुधारी आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. थोरल्याचा, म्हणजे तेव्हा आपल्या वडिलांचा, एकट्याचा हक्क १९६८ साली नव्हता, तर आत्यासाहेबांचा निम्मा हिस्सा उभा राहतो. उरलेल्या निम्म्यात आईसाहेब, दोघे भाऊ आणि आपण समान. म्हणजे आपल्या वाट्याला एक अष्टमांश, एक चतुर्थांश नव्हे.

मिळकतपत्रिकेवर एकट्या दादासाहेबांचं नाव चढलं असलं तरी घाबरू नका. ती महसुली नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. मुदतीबाबत मात्र गाफील राहू नका. एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षांत दावा करावा लागतो. 'तुझा काही हिस्सा नाही' असं आपल्याला प्रथम लेखी कधी कळवलं, ते पत्र शोधा. देवस्थानच्या जमिनी ट्रस्टच्या असतील तर त्या या वाटपात धरू नका.

हॉटेल कंपनीला वकिलामार्फत नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या. भाडेपट्टा नोंदवण्याआधी हरकत पोचली की कंपनीचे वकीलच हात आखडता घेतील. त्यानंतर वाटणीचा दावा आणि मनाईचा अर्ज. दावा लावण्याआधी आत्यासाहेबांना भेटा. त्या आपल्या बाजूने प्रतिवादी झाल्या, तर दादासाहेब तडजोडीला लवकर बसतील.