धुळ्याच्या काळ्या जमिनीत इटलीतल्या एटना ज्वालामुखीवरच्यासारखी रेड वाइनची द्राक्षं येतील का?

दोन्ही जमिनी लाव्हाच्याच, पण एटनाची राख-वाळू ताजी, पाणी झटकन निचरतं. आपला बेसाल्ट (लाव्हाचा काळा खडक) सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना, त्याची चिकणमाती झालेली: ओली मुठीत दाबली की गोळा होतो, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. अशा मातीत मुळं गुदमरतात, चुनखडीनं कोवळी पानं पिवळी पडतात. म्हणून कापसाची भारी जमीन सोडा, मुरमाड उतार घ्या.

खरी अडचण उंचीची. एटनावर नेरेल्लो मास्कालेजे ही तिथली लाल वाइनची द्राक्षं साधारण ४०० ते १००० मीटरवर. दर १०० मीटरला हवा जवळपास ०.६ अंशानं गार. धुळं २५०च्या आसपास. मार्चच्या उन्हात आम्लता उतरते, रंग भरत नाही. शिराझ ही रेड वाइनची जात लावा, सप्टेंबरअखेर छाटा (पाऊस लांबला तर केवडा या बुरशीरोगाकडे लक्ष), फेब्रुवारीतच २३-२४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पहाटे तोडा.