१७९४ खालची कोरी जागा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याची वंशावळ मांडताना तू १७९४ पाशी अडलीस. कुकचे वंशज म्हणवणारे इतके जण भेटतात, ते सगळेच कसे चुकतील, असं विचारतेस. चुकतात गं! दाखला असेल तर शाईने रेघ ओढ, नसेल तर पेन्सिलीने.

त्याच्या जन्मगावच्या, मार्टनच्या चर्चमधली नोंद आधी बघ. ३ नोव्हेंबर १७२८, जेम्सचा बाप्तिस्मा, बाप रोजंदारीवरचा मजूर. हा बाप स्कॉटलंडमधल्या एडनमचा, आई ग्रेस पेस यॉर्कशरमधल्या थॉर्नबीची. त्या ‘रोजंदारी’ शब्दावरून घाईने पुढे जाऊ नकोस, मुलगा कुठून कुठे गेला ते त्यातच कळतं. आणि तारखा जपून लिही. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागे. फेब्रुवारीतल्या नोंदीचं साल तसंच उतरवलंस, तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसेल.

आता तुझी अडचण. एलिझाबेथ बॅट्सशी लग्न १७६२ मध्ये, मुलं सहा. तीन लहानपणीच गेली. कुक १७७९ मध्ये हवाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी नथॅनियल ‘थंडरर’ जहाजासकट वादळात बुडाला. डिसेंबर १७९३ मध्ये ह्यू केंब्रिजला शिकत असताना तापाने गेला, आणि पाठोपाठ जानेवारी १७९४ मध्ये थोरला जेम्स, नौदलातलाच अधिकारी, समुद्रात. नातवंड एकही नाही. एलिझाबेथ मात्र १८३५ पर्यंत जगली, त्र्याण्णव वर्षांची होऊन. नवऱ्याची पत्रं तिने जाळली म्हणतात. हेही मी पेन्सिलीनेच लिहितो.

मग थेट वंशज आणायचे कुठून? कुकची बहीण मार्गारेट रेडकारच्या जेम्स फ्लेक नावाच्या मच्छीमाराला दिली होती. तिची फांदी धर. ती भाच्यांची फांदी आहे, कुकची नव्हे, एवढं ठसठशीत लिही.

तिशीत मी आमच्या घराण्याची वंशावळ छापली. दोन पिढ्यांमधला दुवा मिळेना, म्हणून आजोबांच्या एका गोष्टीवर विसंबून रेघ ओढली. शाईने! आज ती रेघ सगळ्या भाऊबंदांच्या घरात फ्रेम करून टांगलेली आहे. चूक होती म्हणून सांगत फिरलो, कोणी पुसायला तयार नाही. तेव्हापासून मी चौकटी रिकाम्या सोडतो. लोक हट्टी म्हणतात, काम अर्धवट ठेवतो म्हणतात. म्हणू देत. एका आईने सहाही मुलं गमावली, तिच्या नावाखाली खोटं नातवंड लिहायचं माझ्याने होणार नाही. तुझ्यानेही होऊ नये. दाखला नाही तर शाई नाही, पुन्हा विचारू नकोस.

मार्गारेटची फांदी झाली की कच्चा तक्ता पाठव. १७९४ खालची जागा कोरी आहे का, ते मी आधी बघेन.