टेन्स पाठ आहेत, तरी हात का थांबतो?

‘मॅडम, बाराही टेन्सचे तक्ते पाठ आहेत. पण मेल लिहायला बसलो की हात थांबतो. माझं डोकंच कमी आहे का?’

माझ्याकडे इंग्रजीसाठी आलेला तो नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. मराठी माध्यम, मग डिप्लोमा. बढतीनंतर परदेशी ग्राहकांना मेल लिहिणं अंगावर आलं. एका मेलला तास लागायचा आणि शेवटी तो पुसून टाकायचा. मूळ दुखणं निघालं ते ब्रिटनहून आलेल्या एका वाक्यात: ‘अवर टीम आर चेकिंग.’ टीम एक, मग ‘आर’ कसं? शाळेत शिकलेलंच खोटं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ‘आलोच गं आई, पाच मिनिटांत.’

मी विचारलं, ‘तुम्ही तर अजून इथेच आहात. “आलो” हा कुठला काळ?’

‘भूतकाळ.’ तो थबकला. ‘पण असंच म्हणतात ना.’

‘आणि “साहेब आले” म्हणता तेव्हा साहेब किती?’

‘एकच.’

प्रसंग पाहून वचन आणि काळ निवडण्याचं काम तो लहानपणापासून बिनचूक करत होता. डोकं कमी असतं तर हे जमलंच नसतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. इंग्रजीतही तेच चालतं. टीममधली माणसं डोळ्यांसमोर असतील तर ब्रिटिश ‘आर’ म्हणतात; अमेरिकन बहुधा टीमला एकच धरून ‘इज’ म्हणतात. पंचवटी एक्स्प्रेस उद्या ‘सुटते’, तशीच ती इंग्रजीत ‘लीव्ज टुमॉरो’, कारण वेळापत्रक ठरलेलं असतं.

सगळंच असं जुळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्याने लिहिलं होतं, ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे.’ मराठीत ‘काल रिपोर्ट पाठवलाय’ अगदी बरोबर. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ म्हटलं की ती वेळ संपली, म्हणून ‘आय सेंट’. ‘यस्टरडे’ काढलं तर ‘हॅव सेंट’ चालतं, तेव्हा भर रिपोर्ट आता समोरच्याच्या हाती आहे यावर असतो. शब्दांच्या वचनाचंही तसंच. आपले केस गळतात, अनेकवचनी. डोक्यावरचे सगळे केस इंग्रजीत ‘हेअर इज’, पण भाजीत सापडलेला एक केस ‘अ हेअर’.

तक्ते काही दिवस कपाटात ठेवायला सांगितले. मेल लिहिण्याआधी दोनच प्रश्न: ही वेळ संपली का? मी एकेक मोजतोय की सगळं मिळून बोलतोय?

चौथ्या भेटीला त्याने आठवड्याचे मेल दाखवले. दोन ठिकाणी ‘द’ राहून गेला होता. ते मेल त्याने पुसले नव्हते, पाठवले होते, आणि दोन्हींना ग्राहकाची उत्तरं आली होती.