वजाबाकीत चिन्ह कुठे हरवतं?

प्रश्न: क्ष/(क्ष² − ९) − (क्ष − १)/(क्ष² + ५क्ष + ६) हे उदाहरण मुलीला शिकवताना माझा अंश (−२क्ष + ३) येतो, पुस्तकात ३(२क्ष − १) आहे. छेद मात्र जुळतो. कोण चुकलं?

उत्तर: पुस्तक बरोबर आहे. छेदांचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३) आणि (क्ष + २)(क्ष + ३). (क्ष + ३) सामाईक, म्हणून लसावित तो एकदाच: (क्ष − ३)(क्ष + ३)(क्ष + २). इथवर तुमचंही असंच झालं असणार.

आता अंश: क्ष(क्ष + २) − (क्ष − १)(क्ष − ३). दुसरा गुणाकार क्ष² − ४क्ष + ३ येतो, आणि तो कंसातच ठेवायचा. वजाचं चिन्ह कंसातल्या तिन्ही पदांना लागतं. तुम्ही ते फक्त क्ष² ला लावलंत. नीट सोडवलं तर क्ष² + २क्ष − क्ष² + ४क्ष − ३ = ६क्ष − ३. गुणाकार आणि कंस सोडवणं एकाच ओळीत उरकायची घाई बहुतेकांना नडते. एक ओळ जास्त लिहा.

पडताळा सोपा आहे. क्ष = ० ठेवा: मूळ राशी १/६, पुस्तकाचं उत्तर १/६, तुमचं −१/६. (क्ष = ३, −३, −२ ठेवता येत नाही, छेद शून्य होतो.)

आणि हो, अंशाबाहेरचा ३ आणि (क्ष − ३) मधला ३ छाटायचा मोह मुलीला होईल. छाटता येतो तो अवयव, पद नव्हे.